हेमूचा हुरूप

"शेवटच्या वळणावर सोड," माझ्या वेणीची रिबीन घट्ट करता करता अण्णा कानाशी पुटपुटले. "आणि आज जरा उशिरा सोड. काल फार लवकर थांबलीस."

मी मान हलवली. चार पावलांवर हेमू, माझा धाकटा भाऊ, वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. बारा वर्षांचा, काटकुळा, पायांपेक्षा गुडघेच मोठे. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, तोंडातली शिट्टी वाजवली आणि आम्ही पळालो.

साखर कारखान्याच्या कॉलनीमागचं ते ग्राउंड. आठशे मीटरला तिथे तीन फेऱ्या पडायच्या. गळीत सुरू असलं की सकाळी सगळीकडे मळीचा वास असायचा, तो नाकातोंडात घेतच पळायचं. दोन फेऱ्या मी हेमूच्या पुढे राहायची. तिसऱ्या फेरीला, पाण्याच्या टाकीपाशी ग्राउंड वळायचं तिथे, मी तोंड उघडून मोठमोठ्याने श्वास घ्यायला लागायची, हात कमरेवर न्यायची, पाऊल आखूड टाकायची. हेमू मागून यायचा, माझ्याकडे न बघता पुढे जायचा. मग मी दोन हातांचं अंतर ठेवून त्याच्या मागून रेषेवर पोचायची.

त्या दिवशीही तसंच झालं. अण्णांनी हेमूला उचलून गरकन फिरवलं.

"बघितलंस? कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी! मी म्हणालो नव्हतो? शाब्बास!" मग माझ्या पाठीवर थोपटलं. "कुंदे, तूही छान पळालीस हं."

हे दीड वर्ष रोज चाललं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

अण्णा कारखान्यात फिटर होते. त्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. कॉलनीतल्या बाकीच्या बापांकडे बघितलं की आम्हाला आमचा बाप म्हणजे देवमाणूस वाटायचा. तरुणपणी ते स्वतः पळायचे. आजोबांना ती थेरं वाटायची. एक दिवस त्यांनी अण्णांचे पळायचे बूट न्हाणीघरातल्या बंबात घातले आणि त्या पाण्याने आंघोळ केली. ही गोष्ट अण्णा हसत हसत सांगायचे, पण शेवटी नेहमी म्हणायचे, "त्या वेळी मला एक जरी माणूस 'चांगलं करतोयस' म्हणाला असता ना!"

हेमूला दहाव्या वर्षी कावीळ झाली आणि तो पार वाळून गेला. त्या वर्षी शाळेच्या शर्यतीत तो सगळ्यात शेवटी आला. पोरं त्याला 'काडी, काडी' म्हणून चिडवत घरापर्यंत आली. हेमू कॉटखाली जाऊन बसला तो जेवायलाही बाहेर येईना. "मी परत कधी पळणार नाही," एवढंच म्हणायचा. अण्णा जमिनीवर आडवे झाले, कॉटखाली डोकं घातलं आणि तासभर त्याच्याशी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर नेऊन विचारलं, "कुंदे, माझं एक काम करशील? आपल्या दोघांतच ठेवायचं."

बापाचं आणि आपलं एक गुपित आहे, याचा मला केवढा अभिमान वाटला! पहिले काही महिने तर गंमतच वाटायची. हरणं हे पण एक काम आहे. नुसतं हळू पळून भागत नाही. आपण दमलोय असं समोरच्याला पटावं लागतं, आणि तो थोडक्यात जिंकला असंही वाटावं लागतं. मला ते छान जमायला लागलं.

आणि हेमू खरंच सुधारत गेला, हेही सांगितलं पाहिजे. दोन भाकऱ्या खाऊ लागला. मान वर करून चालू लागला. वर्गातल्या पोरांबरोबर पळाला तर पहिल्या तिघांत यायला लागला. अण्णांनी घरात नियमच केला होता की हेमूशी चांगलंच बोलायचं. 'जमणार नाही' हा शब्द घरात काढायचा नाही. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला बारा वर्षांच्या मुलांत शाळेकडून त्याचं नाव गेलं तेव्हा अण्णांनी कारखान्यात सगळ्यांना पेढे वाटले.

जिल्ह्याची स्पर्धा दहा दिवसांवर आली असताना काझी सर आमच्या घरी आले. ते आमचे पीटीचे सर. बोलणं कमी. मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं.

"फडतरे, मुलींच्या आठशे मीटरला मला कुंदा पाहिजे," सर म्हणाले.

अण्णा हसले. "ती कुठे पळणारी, सर? ती आपली हेमूला सोबत म्हणून येते."

"मी तीन दिवस बांधावरून बघतोय. ही पोरगी टाकीच्या वळणावर थांबते. दमत नाही ती. थांबते."

अण्णांनी चहाचा कप सरांकडे सरकवला. मग म्हणाले, "तिला आवड नाही, सर."

"विचारलंत तिला?"

"माझी मुलगी आहे. मला माहीत नाही?"

माझ्या हाताखालची भाकरी चिरली. चुलीजवळ बसलेली आई माझ्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "तुझं काय जातंय गं? भाऊच आहे ना तुझा."

सर चहा अर्धा टाकून उठले. जाताना दाराशी म्हणाले, "रविवारी सगळ्यांची एकदा ट्रायल घेतो. कुंदालाही पळू दे त्यांच्यात. नाव द्यायचं का नाही ते नंतर बघू."

संध्याकाळी मी मोरीत भांडी घासत असताना हेमू जवळ येऊन बसला. दुपारचं त्यानेही ऐकलं होतं, पण त्याला समजलं होतं ते भलतंच.

"ताई, अण्णा नाही म्हणाले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही वाटलं."

"तिकडे लांबलांबच्या मुली येतात. तू शेवटी आलीस तर लोक हसतील, म्हणून ते नाही म्हणाले." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अण्णा त्याच्या खांद्यावर ठेवायचे तसाच. "मी पण आधी तुझ्यासारखाच होतो की नाही? रोज थोडं थोडं वाढवायचं. मन खचू द्यायचं नाही. पुढच्या वर्षापर्यंत तुला पण जमेल बघ. मी शिकवीन तुला."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्याला मनापासून माझी दया आली होती. मी राखेचा हात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले.

रविवारी सकाळी ग्राउंडवर निम्मी कॉलनी जमली होती. 'पोरगं जिल्ह्याला चाललंय' असं अण्णांनी कारखान्यात सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांच्या पाळीतले फिटर, त्यांच्या बायका, हेमूच्या वर्गातली पोरं, सगळे आले होते. पळणारे चौघं. हेमू, त्याच्या वर्गातली दोन मुलं आणि मी. काझी सर रेषेवर उभे होते.

अण्णा माझ्याकडे आले आणि वेणीला हात घातला.

"रिबीन घट्ट आहे, अण्णा," मी म्हणाले.

तरी ते वाकले. "आज लोक आहेत. अगदी शेवटी सोड. एक हाताचं अंतर ठेवलंस तरी चालेल."

शिट्टी झाली. मी पळाले.

पहिल्या फेरीलाच मी बाकी तिघांच्या पुढे तीस-चाळीस पावलं होते. मला एवढं पळता येतं, हे मला तरी कुठे माहीत होतं? बायका टाळ्या वाजवायला लागल्या. अण्णांचा आवाज आला, "हेमू, सावकाश! घाबरू नकोस! ती दमणार आहे आता!"

इथवर जे झालं, तेवढंच झालं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत बसले नसते. कुणी विचारलंच तर म्हणाले असते, हो, एकदा मी खरी पळाले. पण दुसऱ्या फेरीला मी मुद्दाम सावकाश झाले. हेमूला येऊ दिलं. तो बाजूला आला तेव्हा त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. आपण गाठलं असं त्याला वाटत होतं.

"आलास?" मी म्हणाले. "शाब्बास. मन खचू द्यायचं नाही."

आणि पुढे निघून गेले.

तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा मी परत थांबल्यासारखी पळाले. परत त्याला येऊ दिलं. या वेळी त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. चेहरा पांढरा पडला होता. दोघं बरोबरीने पळत असताना मी त्याला सांगितलं. दम लागलेला नव्हता, त्यामुळे नीट, शब्द तोडून सांगता आलं.

"हेमू, दीड वर्ष मी तुला सोडत होते. रोज. अण्णा कानात सांगायचे, सोड म्हणून."

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. त्याचं पाऊल चुकलं, तो पडता पडता सावरला. मग मी गेले. टाकीचं वळण कसं गेलं ते कळलंही नाही.

मी रेषा ओलांडली तेव्हा तो टाकीच्याही अलीकडे होता. बाकीची दोन मुलं त्याला मागे टाकून आली. त्याला थांबता आलं असतं. पोटात कळ आली म्हणून खाली बसला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण हार मानायची नाही, हे अण्णांनी त्याच्या अंगात इतकं मुरवलं होतं की तो पळतच राहिला. तोंड उघडं, हात कसेही हलताहेत, डोळे कुठेच बघत नाहीत. शेवटून येणाऱ्यासाठी वाजवतात तशा तालावर टाळ्या सुरू झाल्या. मागच्या पोरांतून कुणीतरी ओरडलं, "काडी! काडी!" त्या सगळ्याच्या वर अण्णांचा आवाज होता, "शाब्बास हेमू! शाब्बास! सोडायचं नाही!"

रेषेवर येऊन तो ओणवा झाला आणि स्वतःच्या बुटांवर ओकला.

मी कमरेवर हात ठेवून उभी होते. मला धाप लागलेली नाही हे त्याला दिसावं, म्हणून तोंड मिटून नाकाने श्वास घेत होते.

काझी सरांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी सगळं बघितलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

"पळालीस छान," ते हळू आवाजात म्हणाले. "बाकीचं कशाला केलंस?"

घरी आल्यावर आईने हेमूला कॉटवर बसवून त्याचे पाय गरम पाण्याच्या बादलीत ठेवले. मी दाराशी उभी होते. अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसले होते.

"काल रात्री तू नीट जेवला नव्हतास," अण्णा म्हणाले. "त्यात सकाळची थंडी. असं होतं कधी कधी. जिल्ह्याला बघ तू—"

"ताई म्हणते ते खरं आहे?"

"काय म्हणते?"

"ती मला रोज सोडत होती. तुम्ही सांगत होतात."

"छे! काहीतरीच." अण्णा हसायला गेले. "ती रागाने बोलली असेल. कुंदे, सांग त्याला."

ते माझ्याकडे वळले. माझ्या बापाने माझ्याकडे तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही बघितलं नाही. हात जोडायचे तेवढे राहिले होते. मी 'रागाने बोलले' एवढे दोन शब्द म्हणायचे होते.

"खरं आहे," मी म्हणाले.

हेमू रडला नाही. बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "रोज?"

"रोज."

"दीड वर्षात एकदा तरी मी खरा पुढे गेलो असेन."

मी दाराची कडी वर-खाली केली.

"ताई, एकदा तरी?"

"एकदाही नाही."

आईने तोंडाला पदर लावला. अण्णा उठले, भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं होतं, तू सांभाळशील त्याला." मग चप्पल पायात घालून बाहेर गेले. ते काझी सरांच्या घरी गेले होते आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने माझं नाव दिलं, हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं.

हेमू जिल्ह्याला गेला नाही. सोमवारी सकाळी उठलाच नाही. अण्णा पहाटे त्याच्या उशाशी बसून बोलत राहायचे, तू करू शकतोस, तुझ्यात दम आहे. तो दोन्ही कानांवर तळहात दाबून पडून राहायचा. महिनाभराने अण्णांनी ते बोलणं सोडलं. एकदा सोडलं ते सोडलंच.

मी जिल्ह्यात पहिली आले. पुढची दोन वर्षं पळाले. विभागापर्यंत गेले, तिथे तिसरी आले. अण्णा प्रत्येक शर्यतीला आले. रेषेच्या पलीकडे घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि मी पोचले की आकडा सांगायचे. "दोन एकेचाळीस." "दोन अडतीस." त्यापुढे एक शब्द नाही. मीही कधी मागितला नाही. दहावीनंतर मी पळणं सोडलं, तेव्हा त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

हेमू चांगला शिकला. पण निकालाच्या दिवशी सर त्याला 'पास झालास रे' म्हणाले तरी तो फळ्यापाशी जाऊन यादीत बोटाने आपला नंबर शोधायचा. नंबर सापडला तरी परत एकदा खालून वर बघायचा. पाटबंधारे खात्यात नोकरी लागल्याचं पत्र आलं, तेव्हा त्याने अण्णांना पहिलं काय विचारलं असेल तर, "तुम्ही कुणाला सांगितलं होतंत का?" अण्णांनी देवाशपथ नाही म्हणून सांगितलं. ते खरंही होतं. हेमूने मान हलवली आणि पत्र खिशात ठेवलं. लग्नानंतर त्याच्या बायकोने मला एकदा सांगितलं, "वन्सं, ह्यांना 'भाजी छान आणलीत' म्हटलं तरी विचारतात, खरंच का बरं वाटावं म्हणून?"

अण्णा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या थंडीत मी कराडला हेमूकडे चार दिवस राहायला गेले होते. तो नुकताच रिटायर होऊन घरी बसला होता. दुपारी आम्ही दोघंच गॅलरीत उन्हाला बसलो होतो. खालच्या मैदानात मुलं पळत होती, कुणीतरी बाई कुणाला तरी ओरडून हुरूप देत होती. हेमू शांतपणे शेंगा सोलत होता. माझ्या छातीत पंचेचाळीसहून जास्त वर्षं अडकून राहिलेलं मी त्या दिवशी बोलले.

"हेमू, तुला मी एकदा खोटं सांगितलंय."

"एकदाच?" तो हसला.

"दिवाळीच्या सुट्टीतला दिवस होता. त्या ट्रायलच्या आधीचा. धुकं इतकं होतं की टाकी दिसत नव्हती. अण्णांनी नेहमीसारखं कानात सांगितलं, शेवटच्या वळणावर सोड. पण सोडायची वेळच आली नाही. दुसऱ्या फेरीलाच तू माझ्या पुढे गेलास. मी तुला गाठायला गेले. जीव तोडून पळाले रे, पोटात कळा येईपर्यंत पळाले. तुझा सदरा धुक्यात नुसता पुढे पुढे जात होता. तू रेषेवर पोचलास तेव्हा मी वळणावरच होते. तू खरा जिंकलास त्या दिवशी. अण्णांनाही कळलं नाही, त्यांना वाटलं मी जास्तच सोडलं. ते मला रागावले पण. फक्त मला माहीत होतं."

हेमूचे हात थांबले होते.

"आणि त्या दिवशी, पाय बादलीत घालून बसला होतास, तू मला विचारलंस, एकदा तरी? तेव्हा मला तोच दिवस आठवला होता. धुक्यासकट आठवला होता. आणि मी म्हणाले, एकदाही नाही."

मला वाटलं आता हा चिडेल. चिडावं, भांडावं, मला घराबाहेर काढावं, असं फार वाटत होतं. त्याने हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि वरून माझी बोटं मिटवली.

"ताई, असू दे गं," तो म्हणाला. "झालं ते झालं. मी ते कधीच सोडून दिलंय. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"अरे, खरं सांगतेय मी! आईची शपथ!"

"अण्णा पण शपथेवरच सांगायचे."

"हेमू, तू खरंच जिंकला होतास."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी मोरीपाशी बसून बघितलं होतं तसंच, दया आल्यासारखं.

"आता या वयात कशाला मला जिंकवतेस?" तो म्हणाला आणि पुढची शेंग उचलली.